बिस्किटात काय असते?

आमच्या घरी त्या पदार्थाला ‘थर’ म्हणत. पुडिंग नाही, केक नाही, नुसतं थर. ‘रविवारी थर करू का?’ असं मी विचारायची आणि आई म्हणायची, ‘दूध उरलं तं कर.’ परवा माझ्या भाच्याच्या बायकोने फोन करून त्याची कृती मागितली. मी सांगितली, तर ती म्हणाली, ‘एवढंच? मावशी, हे तर फारच सोपं आहे.’ सोपंच आहे. दूध, साखर, कोको आणि कॉर्नफ्लोअर एकत्र करून घट्ट होईपर्यंत ढवळायचं, पसरट भांड्यात बिस्किटं मांडायची, त्यावर ते ओतायचं, पुन्हा बिस्किटं, पुन्हा ते, आणि मग हात न लावता गार होऊ द्यायचं. यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे हात न लावणं. आता आमच्याकडे कुणाचा साखरपुडा असो की कुणाचं डोहाळजेवण, मला डबा भरून थर आणायला सांगतात आणि मी हौसेने नेते. लोक वाटीवर वाटी घेतात, कौतुक करतात, मीही ते नाही-नाही म्हणत सगळं ऐकून घेते. पण पहिला चमचा कुणी तोंडात घातला की मी अजूनही हातातलं काम सोडून त्या माणसाकडे पाहत राहते. चाळीसेक वर्षं होत आली तरी पाहते.

आम्ही तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरला राहत होतो. बाबा तिथल्या एका सरकारी कचेरीत कारकून होते आणि आमचं भाड्याचं घर बस स्टँडपासून हाकेच्या अंतरावर होतं. सकाळी गाड्या सोडणाऱ्या कंट्रोलरचा भोंगा, कापसाच्या दिवसांत जिनिंगची घरघर आणि मधूनमधून आईचं ‘उषे, दूध पाह्य’ एवढ्या आवाजांत माझा अभ्यास चालायचा. जेवायला भाकर, वरण, वांगं किंवा आंबाडी. गोड म्हणजे सणाला पुरणपोळी आणि पाहुणे आले की शिरा. आई सुगरण होती, पण नव्या पदार्थांच्या वाऱ्याला उभी राहत नसे. जे आपल्या सासूने केलं नाही ते आपण करायचं नाही असा तिचा सरळ हिशेब.

शेजारी बँकेतले साहेब बदली होऊन आले. ते वणीहून आले म्हणून त्यांच्या बायकोला आम्ही वणीच्या काकू म्हणत असू. तिथे त्या कोळशाच्या खाणीच्या वसाहतीजवळ राहायच्या. त्या वसाहतीत म्हणे एका भिंतीआड बंगाली तर दुसऱ्या भिंतीआड केरळी, आणि वाटीतून जे भिंतीपलीकडून यायचं ते काकू शिकून घ्यायच्या. थर मी त्यांच्याकडे शिकले. बिस्किटं कॉफीत बुडवून मांडायची असं त्यांचं सांगणं होतं. आमच्याकडे कॉफी कुठली? मी कोऱ्या चहात बुडवली. काकूंनी चाखून पाहिलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, ‘उषा, आता मीही चहाच घेणार.’ त्या दिवशी मला जेवढा अभिमान वाटला तेवढा पुढे एमएस्सीचा निकाल लागल्यावरही वाटला नाही.

एमएस्सी कसली, तेव्हा मी दहावीत होते, आणि पुढचं सगळं एका माणसावर अडलं होतं. मला सायन्सला जायचं होतं. तसं शिकायचं तर यवतमाळला, आणि यवतमाळला राहायचं तर मोठ्या बाबांकडे. मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ; तिथे शाळेत मास्तर होते. घर मोठं, माणसं दोन. त्यांना मूलबाळ नव्हतं. बाबांनी दिवाळीत विषय काढून पाहिला होता. मोठे बाबा ‘पाहू’ म्हणाले. त्यांच्या ‘पाहू’चा अर्थ आम्हाला सगळ्यांना ठाऊक होता. घरात कोण राहील, काय शिजेल आणि कोणती खिडकी कधी उघडेल हे त्यांची बायको, आमची मोठी आई, ठरवायची.

मोठी आई उंच, सावळी, फार न बोलणारी. गळ्यात तुळशीची माळ. अंड्या-मटणाचं नाव घेतलेलंही तिला चालायचं नाही. आमच्याकडे आली की आधी स्वतःची पितळी घासून घ्यायची आणि मगच तीत वाढून घ्यायची. तिची एकच चैन होती, ती म्हणजे गोड. गोडापुढे ती लहान मुलीसारखी व्हायची, ताटातला गोडाचा घास शेवटाला राखून ठेवायची. हे मी कितीदा पाहिलं होतं. तेव्हा माझं डोकं चाललं. पौषात दरवर्षी आम्ही सगळे बाभुळगावजवळच्या आमच्या शेतात रोडगे खायला जमत असू. त्या दिवशी मी थर न्यायचा, मोठ्या आईला खाऊ घालायचा, आणि तिचं तोंड गोड असतानाच बाबांनी माझ्या कॉलेजचं विचारायचं. आईला मी हा बेत सांगितला तेव्हा ती म्हणाली, ‘पोट्टी लय चालू झाली.’ पण दूध मात्र तिने दोन लिटर घेतलं.

बिस्किटं मी स्टँडसमोरच्या बेकरीतून आणली. तिथे ती मोठ्या पत्र्याच्या डब्यातून तराजूवर मोजून, कागदाच्या पुड्यात बांधून मिळायची. गोल, जाड, कडेला जरा करपलेली, आणि फोडली की नाकाला झिणझिण्या आणणारा एक वास. तो वास अमोनियाचा, हे मला पुढे रसायनशास्त्रात कळलं. थर लावायला मी पोळ्यांचा स्टीलचा डबा घेतला, कारण त्याला घट्ट झाकण होतं. फ्रिज नव्हताच. पण पौषातली थंडी अशी की संध्याकाळी डबा ओल्या फडक्यात गुंडाळून गच्चीवर ठेवला तो सकाळी वडीसारखा बसला होता.

नेरहून यवतमाळ आणि तिथून दुसऱ्या गाडीने बाभुळगाव, असा तो डबा मी मांडीवर घेऊन नेला. एका बाईने विचारलंही, ‘काय व पोरी, डब्यात साप हाये का?’ मी तो इतका घट्ट धरून बसले होते. शेतावर पोहोचलो तेव्हा काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, जे शेती पाहायचे, ते गोवऱ्या पेटवून बसले होते. एका बाजूला पऱ्हाटीत कापूस उरलासुरला, दुसऱ्या बाजूला तूर वाळत आलेली. आई आणि मोठी आई जाडसर कणकेच्या लहान लहान पोळ्या लाटत, प्रत्येकीला तेल लावत, एकीवर एक ठेवत आणि शेवटी सगळ्यांना एका मोठ्या पोळीत गुंडाळून गोळा करत. मी ते पाहत होते आणि माझ्या मनात आलं, अरे, हाही थरच की. मी तसं बोलूनही दाखवलं. मोठी आई हसली. ती हसली म्हणजे दिवस चांगला होता.

निखाऱ्यात भाजलेले रोडगे फडक्यात घेऊन राख झटकायची, मुठीने फोडायचे, वर तुपाची धार आणि वांग्याची झणझणीत भाजी. त्या जेवणाबद्दल मी अजून दोन पानं लिहू शकेन, पण मलाच भूक लागेल. जेवणं होत आली तेव्हा मी डबा उघडला आणि सुरीने चौकोन कापले. कापल्यावर कडेला फिकट आणि गडद तपकिरी रेघा दिसत होत्या, सरळ, एकसारख्या. पहिला चौकोन मी मोठ्या आईच्या पितळीत ठेवला.

‘कायचं हाये वं हे?’

‘थर हाये मोठी आई. खाऊन तं पाह्य.’

तिने खाल्ला. मग पितळी पुढे केली. दुसरा खाल्ला, बोटाने पितळी पुसून घेतली. बाबांनी माझ्याकडे पाहून घसा साफ केला. ते आता बोलणार तेवढ्यात काका तिकडून मोठ्याने म्हणाले, ‘काय वहिनी, केक आवडला वाटते!’

काकांचा काही दोष नाही. दिसायला तो केकसारखाच होता, आणि काका बिचारे सदा खुशीत. पण आमच्याकडे तेव्हा केक म्हणजे अंडं. केक बेकरीत काचेआड असायचा आणि अंडं न खाणारी माणसं त्या काचेकडे पाहतसुद्धा नसत. मोठ्या आईचा हात होता तिथे थांबला.

‘केक हाये हा?’

‘नाही, नाही मोठी आई,’ मी म्हणाले. ‘अंडं नाही टाकलं. दूध, साखर, कोको, थोडं कॉर्नफ्लोअर. अन् बिस्किट.’

‘अन् बिस्किटात काय असते?’

‘काही नसते वहिनी, मैदा असते,’ काका म्हणाले.

‘बिस्किटात कोण अंडं टाकते?’ बाबा म्हणाले.

‘नसते, नसते,’ मोठे बाबा म्हणाले. आईही म्हणाली, ‘नसते बाई.’

मोठ्या आईने त्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि मग माझ्याकडे वळली. ‘बिस्किट तू आणले. तू सांग.’

आई तिच्या मागे उभी होती. ती मला डोळ्यांनी सांगत होती, नाही म्हण. साधी मान हलवायची होती. माझं कॉलेज त्या मानेवर होतं. पण मला ती बेकरी दिसत होती. काउंटरच्या मागे, पिठाच्या पोत्यांशेजारी, एकावर एक रचलेले अंड्यांचे ट्रे मी त्याच पुड्याची वाट पाहताना पाहिले होते. ते केकसाठी होते की बिस्किटांसाठी, मला काय माहीत?

‘मले माहीत नाही, मोठी आई,’ मी म्हणाले. ‘त्याच्या दुकानात अंडी दिसते. पण कशात टाकते ते माहीत नाही.’

मी फार सत्यवादी मुलगी होते असं कुणी समजू नये. त्याच आठवड्यात मी भूगोलाच्या चाचणीचे गुण बाबांपासून लपवले होते. त्या क्षणी एवढंच झालं की तिने पितळी खाली ठेवली, तिची बोटं अजून ओली होती, आणि माझ्याकडून खोटं निघालं नाही. बस.

मोठी आई उठली. विहिरीवर जाऊन तिने चुळा भरल्या, कितीतरी वेळ भरल्या. परत आली तेव्हा गळ्यातली माळ तिच्या हातात होती. आमच्यात माळकऱ्याच्या पोटात न चालणारं काही गेलं, म्हणजे माळ मोडली, की ती काढून ठेवायची आणि ज्या महाराजांनी घातली त्यांच्याच हातून परत घालून घ्यायची, असा नियम. तिने माळ रुमालात बांधली, रुमाल पिशवीत ठेवला आणि बोरीच्या सावलीत जाऊन बसली. डब्यात अर्ध्याहून अधिक थर उरला होता, त्याला कुणी हात लावला नाही. परतताना तो मीच काकांच्या बैलांपुढे ठेवला. त्यांनीही नुसता हुंगला.

गाडीत आई माझ्याशेजारी बसली आणि यवतमाळ येईपर्यंत डब्याचं झाकण पुसत राहिली. नेरच्या गाडीत बसल्यावर तिचा बांध फुटला. ‘नाही म्हटलं असतं तं काय बिघडलं असतं तुयं? तिनं खाल्लं, पचलं, झालं! आता बस इथंच भाकरी थापत.’ बाबा खिडकीबाहेर पाहत होते. त्यांनी शेतावर माझ्या कॉलेजचा विषय काढलाच नव्हता आणि आता काढायची सोयही राहिली नव्हती. मला आईचा राग आला नाही. तिचं बरोबर आहे असंच मला वाटत होतं. मी दोन गोष्टी एका दिवसात घालवल्या होत्या, माझं सायन्स आणि एका बाईची माळ, आणि दुसरी जास्त टोचत होती.

आता पाकिटावर हिरवा ठिपका छापलेला असतो. पोरं ठिपका पाहतात आणि खातात, कुणाला काही विचारायचं काम नाही. मला तो ठिपका दिसला की हेवा वाटतो.

चौथ्या दिवशी दुपारी मी अंगणात धान्य निवडत बसले होते आणि फाटकातून मोठी आई आत आली. एकटी. ती आजवर कधी एकटी गाडीत बसली नव्हती. गळा मोकळा होता आणि त्यामुळे ती कुणी वेगळीच बाई वाटत होती. आई पाण्याचा गडवा घेऊन धावली, पण मोठ्या आईने तो हातात घेऊन तसाच ओट्यावर ठेवला.

‘उषे, चाल. ते दुकान दाखव.’

आम्ही दोघी बेकरीत गेलो. मालक गल्ल्यावर होता, पोट सुटलेला, पिठाने पांढरा झालेला माणूस. मोठ्या आईने डब्यातल्या बिस्किटांकडे बोट दाखवलं आणि सरळ विचारलं, ‘भाऊ, यात अंडं असते का?’

त्याला वाटलं आम्ही भांडायला आलो. ‘कोणं सांगतलं तुमाले? कोणाचं पोट दुखलं का?’

‘पोट नाही दुखलं. मले खरं समजलं पाहिजे. मी माळकरी हाये, अन् माह्याकडून खाल्ल्या गेलं.’

त्याने तिच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं. मग गल्ल्यावरून उठला आणि आम्हाला मागे भट्टीवर घेऊन गेला. परातीत मळलेला गोळा होता. त्याने एकेक डबा उघडून दाखवला. मैदा, साखर, डालडा, आणि एक पांढरी पूड, जिच्या वासाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ‘हे पाहा माय. बिस्किटात अंडं टाकलं तं मले परवडन का? अंडं केकात. अन् केक फक्त शनिवारी.’

‘परात तेच का?’

‘नाही माय, केकाचं भांडं येगळं.’

‘अन् हात?’

तो माणूस स्वतःच्या हातांकडे पाहत राहिला. मला वाटलं आता चिडेल. तो म्हणाला, ‘हात तं माहेच हायेत. धुतो मी. पण हायेत तेच.’

मोठ्या आईने मान डोलावली. ‘बरं झालं सांगतलं,’ म्हणाली. येताना तिने त्याच्याकडून अर्धा किलो बिस्किटं बांधून घेतली, आणि मी आनंदाने काहीतरी बडबडू लागले, की म्हणजे माळ मोडलीच नाही, म्हणजे काही झालंच नाही. तिने मला बोलू दिलं. घरी न जाता ती स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकावर बसली, मला शेजारी बसवलं, आणि पुडा उघडून एक बिस्किट तोडून अर्धं मला दिलं.

‘त्या दिवशी शेतात चार जण मले म्हणत होते, नसते, नसते,’ ती म्हणाली. ‘एकाले तरी माहीत होतं का?’

‘नाही.’

‘माह्या लग्नाले दोन वर्षं झाली तवा आमी नागपूरच्या डॉक्टरकडे गेलतो. मले बाहेर बसवलं. तुये मोठे बाबा आत गेले. बाहेर येऊन म्हणाले, होईन. सासू म्हणे होईन. नणदा म्हणे होईन. तुयी आई नवीन आली तवा तेही म्हणे, होईन बाई. मी उपास केले, नवस केले, टोपडे शिवून ठेवले.’ तिने हातातल्या बिस्किटाकडे पाहिलं. ‘डॉक्टरनं त्याच दिवशी सांगतलं होतं, नाही होत म्हणून. सगळ्यायले माहीत होतं. मले अकरा वर्षानं समजलं.’

तोंडाशी जे जे आलं ते सगळं समजूत घालणारं होतं, आणि ते मी गिळलं.

‘मले समजावणारे लय भेटले, उषे. सांगणारं कोणी नाही भेटलं.’ मग पदराने तोंड पुसून ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, ‘तुया बापाले सांग, त्यायनं मले इचारलं नाही तरी मी हो म्हणून राह्यली. पूर्वेकडची खोली रिकामीच हाये. शेवटचा पेपर झाला का दुसऱ्या दिवशी ये. निकालाची वाट नको पाहू.’

पुढे मी त्या खोलीत सात वर्षं राहिले. माझ्या नोकरीचा, माझ्या संसाराचा, आज मी ज्या चार ओळी नीट लिहू शकते त्यांचा पाया तिथे घातला गेला, आणि याबद्दल मी देवाच्या आधी मोठ्या आईचं नाव घेते. तिला हे मी जन्मात एकदाही सांगितलं नाही. ज्या बाईला सांगणारं माणूस हवं होतं, तिला हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं, म्हणून आता इथे लिहिते.

त्या दिवशी मात्र मला एवढंही सुचलं नव्हतं. यवतमाळची गाडी लागली. ती पिशवी घेऊन उठली, मी तिच्या मागे धावले. आनंदात असूनही माझं भित्रं मन गणिताच्या पेपरापाशी जाऊन पोहोचलं होतं.

‘पण मोठी आई, मी नापास झाली तं?’

तिने दांडा धरून एक पाय वर ठेवला आणि वळून माझ्याकडे पाहिलं.

‘तं तसं सांगजो,’ म्हणाली, आणि आत गेली.